वर्षभराची साफसफाई: कपाटात काय ठेवावं, काय दुकानातच राहू द्यावं

सुपरमार्केटात साफसफाईच्या सामानाची मांडणी खोल्यांप्रमाणे असते. बाथरूमची बाटली वेगळी, ओट्याची वेगळी, काचेची, फरशीची, संडासाची वेगळी. घरातला मळ मात्र खोली बघून बसत नाही. आपल्याकडच्या घरांत वर्षभरात जो मळ साचतो त्याच्या मुख्य जाती चार: पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर, फोडणीच्या तेलाचा चिकटा, पावसाळ्यातली बुरशी आणि रोजची धूळ. क्षार आम्लाने विरघळतो. चिकटा धुण्याच्या सोड्याने सुटतो. बुरशीसाठी आधी ओल तोडावी लागते, आणि धूळ पाणी लागण्याआधीच उचलावी लागते. एवढं धरून खरेदी केली तर सातआठ बाटल्यांचं काम दोन पुड्या आणि तीन बाटल्यांत भागतं. बाजारात सहज मिळणाऱ्या सामानाचं हे परीक्षण त्याच हिशेबाने केलं आहे.

पांढरा थर: सायट्रिक ॲसिड आणि हार्पिक

बोअरचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या घरात नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांत, बादलीच्या कडेला आणि काचेवर जो खरखरीत पांढरा थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच. साबण किंवा डिटर्जंट कितीही घासला तरी तो हलत नाही, कारण साबण स्वतः अल्कली असतो. उलट जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो त्याच थरावर आणखी एक पापुद्रा चढवतो. मग लोक तारेची घासणी घेतात. तिने नळाच्या क्रोमवर बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांत आणखी घट्ट बसतो.

यासाठी किराणा दुकानात किंवा केमिकलच्या दुकानात सुटं मिळणारं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, ही आमच्या मते वर्षभराच्या सामानातली सगळ्यात मोलाची वस्तू. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे, विरघळवायचं. सुती फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळायचं, वीस मिनिटं ठेवायचं, जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. शॉवर काढता येत नसेल तर हेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून शॉवरच्या तोंडाला रबरबँडने बांधावं आणि अर्ध्यापाऊण तासाने काढावं. पाणी कोमटच हवं. उकळतं द्रावण वापरलं तर कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन वेगळाच पांढरा गाळ बसू शकतो आणि तो काढणं जास्त अवघड. चहाच्या इलेक्ट्रिक किटलीतही म्हणूनच आधी पाणी तापवून, बटण बंद करून, थोडं निवल्यावर सायट्रिक ॲसिड घालावं.

बाथरूमच्या काचेच्या पार्टिशनवर याचा उपयोग थर ताजा असेपर्यंतच. वर्षानुवर्षं साचलेल्या डागांत सिलिकाही असते आणि तिच्यावर सायट्रिक ॲसिडचा काही परिणाम होत नाही. तिथे आंघोळ झाल्यावर रबरी वायपरने काच एकदा ओढून घेणं हाच उपाय. तीस सेकंदांचं काम आहे, आणि काचेसाठी विकल्या जाणाऱ्या कुठल्याही महागड्या स्प्रेपेक्षा त्याचा गुण मोठा.

आता धोका. आम्ल पांढरा थर खातं ते तो चुनखडी असतो म्हणून, आणि आपल्या घरांतल्या कितीतरी फरश्याही चुनखडीच्याच असतात. संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट आहे. जुन्या चाळींतल्या आणि वाड्यांतल्या मोझॅक लाद्यांत सिमेंट आणि संगमरवराची खडी असते. यांच्यावर सायट्रिक ॲसिड, व्हिनेगर, लिंबू किंवा हार्पिक काहीही पडलं की पॉलिश जातं, आणि ते पुसून परत येत नाही, मशीनने घासून घ्यावं लागतं. फरशी कसली आहे हे माहीत नसेल तर फ्रिजच्या मागच्या किंवा दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकावा आणि पाच मिनिटांनी पुसून उजेडात बघावं. बुडबुडे आले किंवा तेवढी जागा निस्तेज झाली, तर त्या घरात आम्लाची बाटली संडासाच्या भांड्यापलीकडे जाता कामा नये. व्हिट्रिफाइड टाइल्सना तेवढी भीती नाही, पण त्यांच्या जोडांतली सिमेंटची भर आम्लाने झिजते, तेव्हा लगेच धुवावं.

संडासाच्या भांड्यासाठी मात्र सायट्रिक ॲसिड सौम्य पडतं. तिथे हार्पिक योग्य. त्यात साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते घट्ट असल्यामुळे उभ्या कडेवरही टिकतं. बहुतेकांचं हार्पिक वाया जातं ते भांड्यातल्या पाण्यामुळे. बाटली थेट पाण्यात ओतली की ॲसिड विरळ होतं आणि पाण्याच्या रेषेवरचं पिवळं कडं तसंच राहतं. आधी ब्रशने पाणी आत ढकलून पातळी खाली न्यावी, मग कडेच्या आतून गोल फिरवत हार्पिक सोडावं आणि वीस मिनिटं थांबून घासावं. आठवड्यातून एकदा पुरे. बाथरूमची फरशी किंवा स्टीलची जाळी यासाठी ते वापरू नये. त्यातल्या क्लोराइडने स्टीलवर बारीक खड्डे पडतात, आणि कोंडलेल्या बाथरूममध्ये नुसत्या वाफेनेही नळ आणि टॉवेलचा रॉड काळवंडतो. म्हणून बाटलीचं झाकण घट्ट हवं आणि काम चालू असताना खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू.

एक गोष्ट या सगळ्या परीक्षणात सर्वांत महत्त्वाची आहे. हार्पिकसारखं आम्ल आणि ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट असलेलं कुठलंही द्रव किंवा ब्लीचिंग पावडर, एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. लहान बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. ‘दोन्ही टाकलं तर जास्त स्वच्छ होईल’ या समजुतीने हे घडतं, किंवा एकाने सकाळी हार्पिक टाकलेलं असतं आणि दुसऱ्याने न विचारता त्यावर ब्लीच ओतलेलं असतं. दोन्ही बाटल्या घरात असतील तर त्या वेगवेगळ्या खणांत ठेवाव्यात आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंना हे समजावून सांगावं. संडास साफ करण्याच्या काही बाटल्यांत आम्ल नसून हायपोक्लोराइटच असतं, तेव्हा ब्रँड बदलताना मागचं लेबल वाचणं भाग आहे.

चिकटा: धुण्याचा सोडा, आणि चिमणीच्या जाळीची काळजी

गॅसमागच्या टाइल्सवर, डब्यांच्या झाकणांवर, एक्झॉस्ट फॅनवर आणि वरच्या खणांवर बसणारा पिवळा चिकटा सुरुवातीला साधं तेल असतं. हवेत आणि उष्णतेत राहून ते घट्ट होतं, व्हार्निशसारखा थर धरतं आणि त्यात धूळ रुतते. पहिल्या आठवड्यात ते भांडी घासायच्या लिक्विडने निघतं. दोनतीन महिने झाले की नाही. ‘हेवी ड्यूटी’ किचन क्लीनरची गरज पडते ती या उशिरामुळेच.

धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, किराणा दुकानात किंवा साबण-फिनाईलच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो. खाण्याच्या सोड्याने जुना चिकटा सुटत नाही. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून त्यात फडकं भिजवायचं, टाइल्सवर चिकटवून दहा मिनिटं ठेवायचं आणि मग पुसायचं. थर वितळायला वेळ देणं महत्त्वाचं. स्प्रे मारून लगेच घासणाऱ्याला दुप्पट जोर लावावा लागतो. हातात रबरी मोजे हवेत, कारण सोडा त्वचेवरचं तेलही ओढून घेतो. रंगवलेल्या किंवा पीयू पॉलिशच्या शटरवर सोडा लावू नये. तिथे लिक्विड आणि कोमट पाणी एवढंच.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची पद्धत व्हिडिओंत सगळीकडे दिसते. फेस सुंदर येतो, पण सोड्याने आम्ल मारलं जातं आणि आम्लाने सोडा, आणि हाती राहतं ते जवळजवळ साधं पाणी. क्षारासाठी व्हिनेगर एकटं वापरा, हलक्या तेलासाठी किंवा वासासाठी सोडा एकटा. दोन्ही मिसळायला विकली जाणारी ‘नॅचरल क्लीनिंग किट’ घेऊ नका.

चिमणीच्या बाबतीत बॅफल फिल्टर, म्हणजे वळवलेल्या पट्ट्यांचा फिल्टर, जाळीच्या फिल्टरपेक्षा आपल्या स्वयंपाकाला नक्कीच सरस. फोडणी, तळण, भाजणी यांच्या धुरात तेल खूप असतं. जाळीची भोकं त्याने बुजतात आणि हवा ओढणं कमी होतं. बॅफलच्या पन्हाळ्यांवरून तेल खाली ओघळतं. स्टीलचे बॅफल महिन्यातून एकदा मोठ्या परातीत किंवा बेसिनमध्ये चार लिटर कढत पाणी आणि १०० ग्रॅम धुण्याचा सोडा यात अर्धा तास बुडवून ठेवले की हलक्या घासणीने स्वच्छ होतात. रोज तळण असेल तर पंधरा दिवसांनी. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र सोडा वर्ज्य. सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं, आणि कॉस्टिक सोड्याने तर ते अक्षरशः विरघळतं. ‘चिमणी क्लीनर’ म्हणून मिळणाऱ्या काही स्प्रेंमध्ये कॉस्टिकच असतो. जाळी कशाची आहे हे माहितीपुस्तिकेत बघा. खात्री नसेल तर लिक्विड आणि गरम पाणी यावरच थांबा, दोनदा करावं लागलं तरी चालेल.

‘ऑटो क्लीन’ चिमणीबद्दल गैरसमज फार आहे. आतलं तेल उष्णतेने वितळवून ती एका वाटीत जमा करते. ती वाटी काढून रिकामी करणं घरच्यांनाच करावं लागतं, नाहीतर भरून तेल ओट्यावर ठिबकतं. पंख्याच्या घरट्यात आणि पाइपात बसलेला थर तिने पूर्ण जात नाही, वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावाच लागतो. पाइप नसलेल्या चिमणीतला कोळशाचा फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. रोजच्या फोडणीच्या घरात अशी चिमणी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

फरशी: लिझोल, फिनाईल आणि स्पिन मॉप

लिझोलमधला जंतुनाशक घटक बेन्झाल्कोनियम क्लोराइड. हा धनभारित रेणू आहे, आणि निरमा किंवा कपड्यांची कुठलीही पावडर ऋणभारित. दोन्ही एकाच बादलीत टाकले तर एकमेकांना बांधून टाकतात. ना नीट मळ निघतो ना जंतू मरतात, वर फरशीवर चिकट पापुद्रा राहतो. फरशी पुसल्यावरही पाय चिकटत असेल तर बहुतेक वेळा कारण हेच, किंवा औषध जास्त पडलेलं असतं. लेबलवरच्या मापापेक्षा झाकणभर जास्त टाकलं म्हणून फरशी जास्त स्वच्छ होत नाही. राहिलेल्या चिकट थरावर धूळ आणखी लवकर बसते. असा थर जमलाच असेल तर लागोपाठ दोन दिवस नुसत्या कोमट पाण्याने, पाणी दोनदा बदलून, पुसून काढावं.

जंतू मरण्यासाठी औषध फरशीवर ओलं राहावं लागतं. किती वेळ ते लेबलवर असतं, बहुधा दहा मिनिटं. पंख्याखाली पिळलेल्या मॉपने पुसलेली फरशी दोनतीन मिनिटांत सुकते, म्हणजे रोजच्या पुसण्यात जंतुनाशकाचा बराचसा खर्च फुकट जातो. रोज बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चारपाच थेंब पुरे. लिझोल आजारपणात, रांगणारं बाळ असताना बाळाच्या जागेपुरतं, किंवा पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, आणि तेव्हा फरशी मुद्दाम ओली ठेवून, पंखा बंद करून. मग साध्या पाण्याचा एक हात.

काळं फिनाईल आता घराच्या आत नको. डांबरी वासाने स्वच्छ वाटतं, पण हलक्या रंगाच्या सच्छिद्र फरशीवर डाग धरतो, आणि त्यातली फिनॉलजातीची द्रव्यं मांजरांना विषारी असतात. मांजर पायाला लागलेलं चाटून पोटात घेतं. बाहेरची मोरी, कचऱ्याची जागा, गटार यांच्यासाठी ते ठीक. पांढरं फिनाईल वासाला सौम्य, पण सुटं मिळणारं एकसारखं नसतं, आणि जड पाण्यात कधी कधी फुटून तेलाचे तवंग वर येतात. असं झालं तर ती बादली फरशीवर नेऊ नका, डाग राहतील.

स्पिन मॉप या वस्तूबद्दल थोडं सविस्तर, कारण घरोघरी ती पोचली आहे आणि घरोघरी तीच तक्रार आहे: सहाआठ महिन्यांत फिरायचा बंद झाला. साधारण ८०० ते २,००० रुपयांच्या पट्ट्यात मिळणाऱ्या मॉपमध्ये दोन जाती. एकीत बादलीच्या खाली पायाने दाबायचा पेडल, दुसरीत दांडा खाली दाबला की आतल्या पिळदार सळईमुळे टोपली फिरते. पेडलच्या जातीत प्लास्टिकचे दाते झिजतात, आणि ते बदलून मिळत नाहीत. दांड्याच्या जातीत यंत्रणा दांड्यात असते, बिघडली तर फक्त दांडा बदलता येतो. म्हणून दांड्याचीच घ्या, आणि टोपली स्टीलची असलेली. घेताना दुकानात दांड्याचं लॉक दहावीस वेळा उघडून-लावून बघा. सर्वांत आधी तेच सैल होतं. पुढचं विचारा: रिफिल मिळतं का? गोल तबकडीचं माप कंपनीगणिक थोडं वेगळं असतं आणि न बसणारं रिफिल पुसताना निसटतं.

वापरताना मोठी चूक पाण्याची. एकाच कप्प्याच्या बादलीत मॉप पिळला की काढलेली घाण त्याच पाण्यात परत येते. दोन खोल्यांनंतर ते पाणी मातकट झालेलं असतं आणि तिसऱ्या खोलीत तुम्ही पहिल्या दोन खोल्यांची धूळ पसरवत असता. दोन कप्प्यांची बादली मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन खोल्यांमागे पाणी बदला. मॉपच्या दोऱ्या मायक्रोफायबरच्या असतात. त्यांना कपड्यांचं सॉफ्टनर किंवा ब्लीच लागलं की त्यांची पाणी आणि धूळ धरायची ताकद जाते. नुसत्या साबणाने धुवून, पिळून, उलटा टांगून वाळवा. ओला मॉप बादलीतच उभा राहिला तर पावसाळ्यात दोन दिवसांत कुबट वास धरतो आणि तो वास मग सगळ्या घरात पुसला जातो. रोज वापर असेल तर रिफिल तीन महिन्यांनी बदला. कोपऱ्यांत गोल मॉप पोचत नाही, तिथे आठवड्यातून एकदा हाताने फडकं फिरवावंच लागतं. त्या कामासाठी जुन्या सुती बनियनइतकं चांगलं फडकं विकत मिळत नाही.

पुसण्याआधी केर नीट निघाला पाहिजे, नाहीतर धुळीचा चिखल होतो आणि टाइल्सच्या जोडांत बसतो. फूलझाडू बारीक धुळीला सरस. नवीन आणल्यावर तुऱ्यांचा भुसा गळतो म्हणून लोक वैतागतात. घराबाहेर नेऊन दांड्याकडून ठोकावी, जुन्या कंगव्याने तुरे विंचरावेत आणि कागदात घेऊन पुन्हा झटकावी. एकदोनदा केलं की गळणं बरंच थांबतं. प्लास्टिकच्या ‘नो डस्ट’ झाडूने भुसा गळत नाही, पण धुळीचा बारीक थर ती मागे सोडते. शिंदीची केरसुणी लक्ष्मीपूजनाला घरात येते ती आणि अंगणाचा खराटा, ही दोन्ही आपापल्या जागी योग्यच. व्हॅक्यूम क्लीनर सोफा, गाद्या, खिडकीच्या खाचा आणि मच्छरजाळी यांच्यासाठी घ्यावा. रोजच्या केरासाठी घेतलेला व्हॅक्यूम बहुतेक घरांत माळ्यावर जातो.

पावसाळा: ओल शोषणारे डबे आणि डांबरगोळ्या

जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत आणि गोव्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. बुरशीला एवढी आर्द्रता पुरते, तिला गळकी भिंत लागत नाही. कपाटं भिंतीला चिकटून असतील तर मागची हवा कोंडते आणि पहिली बुरशी तिथेच येते. दोन इंच जागा सोडली तर बुरशी बरीच कमी होते, आणि या उपायाला पैसे लागत नाहीत.

कपाटासाठी मिळणारे ओल शोषणारे डबे, ज्यांत पांढरे खडे असतात आणि महिन्याभरात खाली पाणी साठतं, ते कॅल्शियम क्लोराइडचे. बंद कपाटात, घट्ट लागणाऱ्या दारामागे, ते खरोखर काम करतात. उघड्या खोलीत ठेवणं म्हणजे पैसे वाया, कारण बाहेरची ओल सतत आत येत राहते. खाली साठलेलं पाणी साधं पाणी नसतं, खारट आणि निसरडं असतं. चामड्याच्या बुटांवर, पर्सवर किंवा संगमरवरावर सांडलं तर नुकसान करतं, लोखंडाला गंज चढवतं. म्हणून डबा सपाट तळाशी, कपड्यांपासून सुटा, आडवा होणार नाही असा ठेवा आणि भरला की सिंकमध्ये नळ चालू ठेवून ओता. टांगायच्या पिशव्या दिसायला सोयीच्या, पण भरल्यावर वजनाने फाटल्या तर खालचे कपडे गेले. डबाच बरा. रिफिल मिळणाराच घ्या.

कॅमेरा, औषधं, कागदपत्रं यांच्या छोट्या डब्यांना सिलिका जेल योग्य. ते पुन्हा वापरता येतं: साधारण ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास. रंग बदलणारं घेताना निळ्याऐवजी केशरी घ्या. निळ्यात बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते घरात, विशेषतः मुलांच्या हाती, नको.

भिंतीवर बुरशी आलीच तर ती कोरडी खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. तोंडाला मास्क बांधून आधी साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा, वाळू द्या, मग पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट एका भागाला चार भाग पाणी या प्रमाणात लावून दहा मिनिटांनी पुसा. रंगीत भिंतीवर डाग फिका पडेल हे गृहीत धरा. हायपोक्लोराइटची बाटली छोटीच घ्या. उष्णतेत त्याची ताकद महिन्यागणिक कमी होते, मोठा कॅन अर्धा होईपर्यंत निरुपयोगी झालेला असतो. आणि डाग पुन्हा त्याच जागी आला तर बाटली बाजूला ठेवून प्लंबर बोलवा. आत पाणी झिरपतंय, बाहेरून काहीही लावून ते थांबणार नाही.

डांबरगोळ्या बहुतेक नॅफ्थलीनच्या असतात. कसर दूर ठेवतात हे खरं, पण बाळाचे कपडे, दुपटी, पांघरुणं यांत त्या कधीही ठेवू नयेत. काही बाळांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता जन्मतःच असते आणि त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. बाकी कपड्यांतही गोळी थेट न ठेवता सुती चिंधीत बांधून कोपऱ्यात ठेवावी. वेखंडाच्या कांड्या सुती पुरचुंडीत बांधून ठेवणं हा जुना उपाय वासाला सुसह्य आहे. त्याचा असर हळू आणि कमी असतो, म्हणून त्यासोबत कपडे बाहेर काढून बघणं सोडू नये. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. अर्धवट ओला पाला स्वतःच बुरशी आणतो. पैठणी आणि जरीच्या साड्या प्लास्टिकमध्ये अजिबात नकोत. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा आणि तीनचार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवर जर मोडते.

डबे, पेट्या आणि दिवाळीआधीची ‘डीप क्लीनिंग’

घर आवरलेलं राहण्यासाठी पेट्या घ्यायच्या तर पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनच्या, एकाच मापाच्या, एकावर एक बसणाऱ्या. रंगीत अपारदर्शक पेटीत गेलेली वस्तू वर्षभर कुणाला आठवत नाही, आणि तीच पुन्हा विकत घेतली जाते. नवी मुंबईत २०२० च्या डिसेंबरात आयकिया सुरू झाल्यापासून तिथल्या ‘सामला’ पेट्या बऱ्याच घरांत आल्या. प्लास्टिक चांगलं, पण झाकणाची किंमत वेगळी असते हे हिशेबात धरा. पुण्यात बोहरी आळीत याच कामाच्या पेट्या मिळतात. तिथे घेताना झाकणाची कडी चारपाचदा उघडून बघा आणि तळाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबा. कोपरा वाकला तर माळ्यावर दुसऱ्या पेटीच्या वजनाखाली तो तडकणार. चिठ्ठी पेटीच्या वर न चिकटवता अरुंद बाजूला चिकटवा, कारण माळ्यावर दिसते तीच बाजू.

रजया-ब्लँकेटांसाठीच्या व्हॅक्यूम पिशव्या पॉलिस्टरच्या रजईला ठीक. कापसाची रजई आणि गोधडी त्यात घालू नका, कापूस गोळा होतो आणि पिंजल्याशिवाय फुलत नाही. मे महिन्यात दोन कडक उन्हं दाखवून, सावलीत निववून, मगच बांधा. गरम रजई बंद केली तर आतल्या वाफेचं पाणी होतं.

नवरात्राआधी आणि दिवाळीआधी घर साफ करून देणाऱ्या सेवा आता शहरांत सर्रास मिळतात. त्या घ्याव्यात की नाही हे तीन प्रश्नांवर ठरवा. एक, बाथरूमला काय वापरता? उत्तर नुसतं ‘ॲसिड’ असेल आणि घरात शहाबादी किंवा संगमरवर असेल तर नको. दोन, चिमणीचे फिल्टर काढून धुता की वरून स्प्रे मारता? तीन, सोफा शाम्पू केल्यावर पाणी ओढणारं मशीन आणता का? ते नसेल तर सोफ्याचा फोम दोन दिवस ओला राहतो आणि नंतर वास मारतो. या सेवेत सर्वांत फायद्याचं काम म्हणजे पंखे, खिडक्यांच्या खाचा, माळे आणि एक्झॉस्ट. शिडीवर चढायचं काम त्यांना द्या. ओटा, देवघर, कपाटं घरच्यांनी करावीत, कारण तिथे काय ठेवायचं आणि काय काढायचं हे घरच्यांनाच ठाऊक असतं. देवघरातल्या तांब्या-पितळेसाठी पितांबरी पुरेशी, फक्त लॅकर, म्हणजे पारदर्शक व्हार्निशचा थर, दिलेल्या शोभेच्या पितळेवर ती घासू नका, लॅकर पॅचांनी निघतं. चांदीला टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी चांदी झिजते. भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरून गरम पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि चांदी फॉइलला टेकेल अशी पाच मिनिटं ठेवा. काळेपणा फॉइलकडे जातो. मुद्दाम काळपट केलेली ऑक्सिडाइज्ड चांदी आणि खडे बसवलेले दागिने मात्र यात घालू नका.